तीस दिवसांची रेघ

अमरावतीत राजापेठच्या अलीकडे ऑटोला धक्का बसला तेव्हा मी काहीच धरलेलं नव्हतं. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात, आणि डोक्यात आरतीचं कालचं फोनवरचं बोलणं. शिकवणी सुटलेल्या पोरांच्या गाड्यांमधून एक स्कूटी आडवी आली, ऑटोवाल्याने ब्रेक दाबला आणि माझं कपाळ समोरच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. तो आवाज मला बाहेरून नाही, आतून ऐकू आला. स्कूटीवरची मुलगी मागे न बघता निघूनही गेली. ऑटोवाला वळला. "लागलं का काका?" मी म्हणालो, "नाही." "मंग काई झालं नाई," असं म्हणून त्याने गाडी पुढे काढली. मी कपाळाला हात लावला तर टेंगूळ वर येत होतं, कोमट आणि माझं नसल्यासारखं. त्याच्या लेखी काही झालं नव्हतं, त्या मुलीच्या लेखी नव्हतं, आणि मी नाही म्हणालो त्यामुळे माझ्याही लेखी नव्हतं. मला खरं तर लागलं होतं. पण लागलं म्हटलं असतं तर तो थांबला असता, माणसं जमली असती, कोणी पाणी आणलं असतं, आणि इतक्या लोकांनी माझ्याकडे एकाच वेळी बघणं मला या वयातही सोसत नाही. आयुष्यभर महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवलं ते फळ्याकडे तोंड करून. पोरं मागून काय करत होती ते मला नीट माहीत नाही. माझ्या 'नाही'तून एक घटना पुसली गेली, एवढं मात्र त्या क्षणी कळलं, आणि अकोल्याच्या एसटीत खिडकीशी बसल्यावरही तेच कळत राहिलं.

आरती माझी पुतणी. थोरल्या भावाची, खुशालरावदादांची मुलगी. तिचा फोन आला तेव्हा मी जेवून वाचत पडलो होतो. "काका, रागिणीनं विमान शिकायची जागा पक्की केली," ती म्हणाली. रागिणी तिची एकुलती एक मुलगी, बारावी होऊन एक वर्ष झालेली. हे मला माहीत होतं, ती विमान चालवायला शिकणार हेही. त्यात घाबरण्यासारखं काय, असं म्हणावं म्हणून मी तोंड उघडलं तर आरती म्हणाली, "गाव कोणतं निवडलं, इचारा ना." मी विचारलं. तिने गावाचं नाव सांगितलं. मी हातातलं पुस्तक मिटलं. तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. "संस्थेचं नाव बदललं म्हनते," ती म्हणाली, "मालक बदलले. पन गाव तेच हाय ना काका. विमानाची पट्टी तेच हाय." मी म्हणालो, "तू तिला सांग मग." "मी काय सांगू? ते आकडे दाखवते मले. म्हनते, पंचवीस वर्षांत एकबी मानूस मेला नाई तिथं. शून्य हाय म्हनते. परवा नक्की कळवाचं हाय तिले. तुमी या. तुमचंच ऐकते ते. शून्याचं तुमालेच समजते." मी येतो म्हणालो. येतो म्हणण्यापलीकडे मला कधी काही म्हणता आलेलं नाही.

बडनेरा सुटल्यावर दोन्हीकडे सोयाबीन पिवळं पडलेलं दिसू लागलं. काही ठिकाणी कापणी होऊन गंज्या लागल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन काचेतून सरळ मांडीवर येत होतं. मुंबईचं विमान बेलोऱ्याच्या विमानतळावरून उठून वर चाललं होतं, हल्ली ते दिसतं, आणि एसटीतली दोनतीन माणसं अजूनही वाकून बघतात. शेजारी बसलेल्या म्हातारीने मला विचारलं, "कितीक मानसं बसत अशीन जी त्यात?" मी म्हणालो, असतील सत्तर. ती म्हणाली, "मायबाई. अन् ड्रायवर एकच?" दोन असतात, मी म्हणालो. ती समाधानाने मागे टेकली. मला अंकुर आठवला. आठवला असं म्हणतो, पण तो कधी गेलाच नव्हता. एसटीत, वाचताना, दाढी करताना तो असतोच, फक्त बाजूला असतो. दादांचा मुलगा, आरतीहून दोन वर्षांनी लहान. दर्यापूरजवळच्या आमच्या काळ्या रानात तो मोठा झाला आणि त्याला ते रान, बांधा-धुऱ्यांसकट, वरून पाहायचं होतं. "काका, वरून धुरे दिसत असतीन का?" असं त्याने मला एकदा विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. कळल्यावर तूच सांग, मी म्हणालो. त्याने एकदा पत्रात कळवलं की धुरे दिसतात, पण कोणाचं शेत कुठलं ते समजत नाही, सगळी सारखीच. दुसऱ्या राज्यातल्या त्या गावी तो आठ-नऊ महिने होता. एकट्याने उडायला लागला होता. एका सकाळी उतरताना विमान धावपट्टीच्या बाहेर गेलं. विमानाचं फारसं काही झालं नाही म्हणतात. अंकुरचं डोकं पुढे आपटलं.

त्याला अकोल्याला आणलं, कारण दादांना आपल्या माणसांत आणायचं होतं. तो श्वास घेत नव्हता, यंत्र घेत होतं. मी अमरावतीहून येऊन-जाऊन होतो. दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात फिनाईलचा वास आणि कोणाच्या तरी डब्यातल्या वांग्याच्या भाजीचा वास एकत्र असायचा, आणि आजही वांग्याची भाजी मी खातो पण तिचा पहिला घास मला तिथेच नेतो. पहिल्या आठवड्यातच डॉक्टरांनी दादांना आणि मला बाजूला घेतलं. फार सरळ माणूस होता तो. मशीन आहे म्हणून आहे, म्हणाला. मेंदूत काही उरलेलं नाही. तुम्ही ठरवा. दादा खाली बघत होते. त्यांच्या चपलेला रानातली काळी माती वाळून चिकटली होती, ती ते दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने खरवडत होते. मग म्हणाले, "डॉक्टरसायेब, पोरीचं लगन हाय. पत्रिका वाटून झाल्या. तेवढं होऊ द्या." आरतीचं लग्न अकोल्याच्या योगेशशी ठरलं होतं. घरात मृत्यू झाला असता तर सुतक आलं असतं, लग्न लागलं नसतं, आणि भाऊ गेलेल्या घरातली मुलगी म्हणून पुढे काय काय बोललं गेलं असतं ते आमच्याकडच्या कोणालाही सांगावं लागत नाही. डॉक्टरने मान हलवली. मी काही बोललो नाही, पण मला कोणी विचारलंही नव्हतं. दादांनी ठरवलं, मैनावहिनींना ते न सांगता कळलं, आणि मग ते सगळ्या घराला हळूहळू कळलं, भिंतीत ओल चढते तसं. फक्त आरतीला कळू द्यायचं नाही, हेही तसंच ठरलं. तिला सांगितलं की तो सुधारून राहिला, पण भेटायला मनाई आहे. योगेशकडच्यांनाही तेच सांगितलं. लग्न झालं. मांडवात मी अक्षता टाकल्या तेव्हा माझ्या शेजारी उभे असलेले दादा जोरात 'सावधान' म्हणाले, इतक्या जोरात की भटजींनी वर बघितलं.

लग्नानंतर आठवड्याभराने आम्ही अंकुरला घरी नेतो म्हणून सोडवून घेतलं. दवाखान्यातला एक माणूस सोबत दिला होता. अँब्युलन्समध्ये तो हाताने एक रबरी फुगा दाबत होता, दाबला की अंकुरची छाती वर यायची, सोडला की खाली. अकोल्याहून दर्यापूरपर्यंत तो फुगा दाबत होता. मध्ये रस्त्यावर मेंढ्या आडव्या आल्या तेव्हा गाडी थांबली, पण फुगा थांबला नाही. घरी ओसरीत खाट टाकली होती. मैनावहिनींनी त्याच्या तोंडात पाणी घातलं. दादांनी त्या माणसाला मान हलवून सांगितलं. त्याने हात काढून घेतला आणि कितीतरी वेळ बोटं उघडझाप करत उभा राहिला, त्याला मुंग्या आल्या होत्या. पुढे मैनावहिनींनी घरात विमान हा शब्दच येऊ दिला नाही. मुलगा न्यूमोनियाने गेला असं त्या सांगत. शेवटी छातीत कफ साठला होता, तेव्हा ते अगदीच खोटं नव्हतं. वहिनी गेल्या, पण त्यांनी सांगितलेलं तसंच राहिलं. रागिणीलाही आपला मामा न्यूमोनियाने गेला एवढंच माहीत आहे.

त्या दिवसांतली एक गोष्ट दादा नंतर पुष्कळदा सांगायचे. त्या संस्थेतला एक माणूस फार चांगला होता म्हणायचे. दर दोन-तीन दिवसांनी दवाखान्याच्या फोनवर फोन करायचा. फार अदबीने विचारायचा, तबीयत कैसी है. दादा त्याला मोडक्या हिंदीत सगळं सांगायचे, ताप किती, लघवी किती झाली. मग लग्नाच्या सुमारास त्याचे फोन बंद झाले. "त्याचीबी काई अडचण असन," दादा म्हणायचे. मीही तसंच समजत होतो. निवृत्त झाल्यावर, वेळ जाईना म्हणून, विमान अपघातांची आकडेवारी कशी गोळा करतात यावर मी वाचायला लागलो. वेळ जाईना म्हणून, हे मी लोकांना सांगतो. तेव्हा एका पानावर, तळाशी, बारीक अक्षरात व्याख्या सापडली. अपघात झाल्यापासून तीस दिवसांच्या आत जखमी माणूस दगावला तर तो अपघातातला मृत्यू. त्यानंतर दगावला तर तो गंभीर जखमी. जगभर हेच धरतात. मी ते पान परत परत वाचलं आणि मला तो फोन करणारा माणूस दिसला, टेबलाशी बसलेला, समोर कॅलेंडर. तो वाईट नसेल. त्याचं काम एवढंच असेल की तीस दिवस विचारायचं. एकतिसाव्या दिवशी विचारण्यासारखं काही उरलं नाही.

मी दिल्लीच्या विमान वाहतूक कार्यालयाला विचारलं होतं. उत्तर आलं, सभ्य उत्तर: नोंद व्याख्येप्रमाणे बरोबर आहे. आणि मला ते मान्य करावं लागलं, ही माझी अडचण आहे. कुठेतरी रेघ ओढावीच लागते. नाहीतर वीस वर्षांनी मेलेला माणूसही त्या अपघातात मेला असं धरावं लागेल, मग मैनावहिनींनाही धरावं लागेल. मी असतो तर कुठे ओढली असती? साठ दिवसांवर? वर्षावर? तिथेही कोणीतरी एक दिवस पलीकडे राहिलाच असता. वर्गात मी हेच सांगत असे की मोजण्याआधी काय मोजायचं ते ठरवा आणि मग रडू नका. मात्र रेघ ओढणाऱ्यांना दर्यापूरचं सुतक माहीत नव्हतं. आमच्या घरचं लग्न त्या रेघेच्या अलीकडे असतं तर अंकुर मृतांत आला असता. मुहूर्त पलीकडे होता म्हणून तो जखमींत राहिला. जगाच्या एका कोष्टकातलं एक शून्य आमच्या मांडवामुळे शून्य आहे, हे मी कोणाला सांगणार होतो? आणि आता आरती मला सांगत होती, तुम्ही तिला शून्याचं समजावून सांगा. शून्य चुकीचं आहे एवढं सांगून रागिणी ऐकणार नाही, ती विचारेल की मग तो मेलेला माणूस मोजला का नाही. तो उशिरा मेला म्हणून. उशिरा का मेला? तिथे आरती उभी असेल. आपल्या भावाचा श्वास आपल्या लग्नासाठी चालू ठेवला होता हे एवढ्या वर्षांनी तिला माझ्या तोंडून कळेल. आणि नाही सांगितलं तर पोरगी त्याच धावपट्टीवर, त्या शून्यावर विश्वास ठेवून जाईल. मूर्तिजापूरला गाडी थांबली. शेजारची म्हातारी उतरताना माझ्या कपाळाकडे बघून म्हणाली, "गरम तव्यानं शेका जी त्याले." मी हो म्हणालो.

आरतीचं घर पहिल्या मजल्यावर. दार उघडंच होतं. ती खाली बसून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होती, खोलीभर त्याचा हिरवा वास. दिवाणावर दादा, वहिनी गेल्यापासून इथेच असलेले, आता अगदी लहान झालेले, भिंतीला उशी लावून बसलेले. मला बघून म्हणाले, "आला का बापू? मास्तर आला पाह्य." मग टेंगूळ दिसलं. "कोनं मारलं बे तुले? पुस्तकानं मारलं का?" आरती हसली, मीही हसलो. दादांना एका कानाने अजिबात ऐकू येत नाही आणि दुसऱ्याने त्यांना हवं तेवढंच येतं. रागिणी लॅपटॉप घेऊन आली, माझ्या पाया पडली, आणि पाणी प्यायच्या आत शेजारी बसली. योगेश दुकानात होता.

"आजोबा, आई घाबरते म्हणून तुमाले बोलावलं ना? मले माहीत हाय," ती म्हणाली. "पाहा तुमी. मी तुमच्याच पद्धतीनं केलं." तिने खरंच फार नीट केलं होतं. देशातल्या संस्था, प्रत्येकीचे उड्डाणाचे तास, अपघात, मृत्यू, आणि शेवटी दर. मला आधी अभिमान वाटला, नंतर त्याची लाज वाटली. मी बोलायला लागलो. तास कोण मोजतं, असं विचारलं. संस्था स्वतःच कळवते. इंजिन सुरू झाल्यापासून मोजलं की चाकं उचलल्यापासून, यावर ते फुगतात किंवा आटतात. धावपट्टीला टेकून पुन्हा उडायचा सराव असतो, त्यात उतरण्याचा धोका दर खेपेला असतो, पण तासांत तो दिसत नाही. मग किरकोळ काय आणि गंभीर काय, हे पहिल्यांदा कोण ठरवतं? ज्याचं नाव खराब होणार तोच. जी संस्था प्रामाणिकपणे प्रत्येक ओरखडा कळवते तिचा आकडा मोठा दिसतो, आणि जी कळवत नाही ती स्वच्छ दिसते. आणि शून्य म्हणजे धोका नाही असं नसतं, शून्य म्हणजे अजून दिसला नाही. मी नेहमीसारखा तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत बोलत होतो. माझाच आवाज मला वर्गातला वाटला.

"बरं," रागिणी म्हणाली. "पण आजोबा, हे सगळ्याच संस्थांले लागू होते ना? मंग तुलना तर बरोबरच राहिली."

तिचं बरोबर होतं.

"अन् तुमी ऑटोत बसून डोकं फोडून आले," ती हसत म्हणाली. "त्याचा दर काढू का?"

"जास्त शहानी नको होऊ," आरती म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलं. हातात कोथिंबिरीची काडी तशीच. तिच्या त्या बघण्यात एवढंच होतं की काका, बोला. मला वाटलं, हिला काय मागते आहे ते ठाऊक नाही. पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच परत ठेवला.

"शून्य चुकीचं आहे," मी म्हणालो.

"कसं?"

"एक मुलगा होता तिथे. अपघातानंतर तो तीस दिवसांहून जास्त जगला. म्हणून मृतांत धरला नाही."

रागिणीचं हसू गेलं. तिने लगेच शोधायला सुरुवात केली. तिची बोटं फार वेगात चालतात. व्याख्या तिला क्षणात सापडली, जी सापडायला मला एक आयुष्य लागलं. "हो, हाय," ती पुटपुटली. मग तिने जुन्या वर्षांमध्ये जाऊन ती ओळ काढली: प्रशिक्षणार्थी, एकट्याचं उड्डाण, गंभीर जखमी एक. "हा का?" मी मान हलवली. "पण आजोबा, मंग हा मेला हे तुमाले कसं माहीत? इथं तर कुठंच नाई."

दादा खिडकीबाहेर बघत होते. खाली कोणी भाजी विकत ओरडत चाललं होतं. मी काहीतरी बोलणार होतो, काय ते अजूनही मला सांगता येणार नाही. कदाचित खोटंच बोललो असतो.

"तो तुहा मामा होता," आरती म्हणाली.

तिने काडी जुडीत ठेवली. पदराला हात पुसले. रागिणी तिच्याकडे बघत राहिली. "न्यूमोनिया..." ती म्हणाली. "तो नंतर झाला," आरती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, खाली पडलेली पिवळी पानं एका जागी गोळा करत ती सांगत गेली, अगदी साध्या आवाजात, जणू बाजारात काय भाव होता ते. "हळदीच्या आदल्या दिवशी मी बांगड्या भराले म्हनून निंघाली अन् दवाखान्यात गेली. कोनाले सांगतलं नाई. मले आत जाऊ देत नव्हते. मी बहीन हाव म्हनलं. तो डॉक्टर बाहेर आला. त्याले वाटलं मले माहीत असन. म्हने, ताई, तुमचं लगन झालं की आपन मशीन काढू, चिंता नका करू." ती थांबली. "मी आत जाऊन त्याले पाह्यलं. त्याची नखं वाढली होती. कोनं कापली नव्हती. मंग घरी आली. दुसऱ्या दिवशी हळद लावून घेतली."

"आरती," मी म्हणालो.

"तुमी सगळे मले काई कळू देत नव्हते काका. इतकी मेहनत करून राहिले होते. मले वाटलं, मी बोलली तर बाबा मरतीन." तिने पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते. "मले कोनी इचारलं असतं ना, तर मी काय म्हनलं असतं, हे मले अजूनबी समजत नाई. थांबा म्हनलं असतं का मी? म्हनलं असतं बी असन. तेच भेव वाटते."

इतकी वर्षं मी तिला सांभाळत होतो, असं समजत होतो. दिवाळीला यायचो, तिच्या मुलीला गणित शिकवायचो, आणि मनात धरून असायचो की हिला माहीत नाही. हिला माहीत नसणं हीच मी या घरासाठी केलेली एक गोष्ट होती. आता तीही नव्हती. तिने ते एकटीने बाळगलं होतं आणि वर आमचं न सांगणंही सांभाळलं होतं. टेंगूळ ठणकत होतं. मला उठून तिच्या डोक्यावर हात ठेवता आला असता. मी बसून राहिलो.

रागिणी रडत नव्हती. थोड्या वेळाने तिने लॅपटॉप पुढे ओढला, त्या संस्थेच्या ओळीवर गेली, शून्य खोडलं आणि एक लिहिला. तिने माझी परवानगी घेतल्यासारखं बघितलं. मी मान हलवली. मग शेवटच्या रकान्यातला दर आपोआप बदलला. आम्ही दोघांनी तो बघितला आणि दोघांनाही तो एकदमच समजला. तिने लॅपटॉप थोडा स्वतःकडे वळवून घेतला.

"काय निंघालं काका?" आरतीने विचारलं.

एका मृत्यूवरून दर काढणं हे शास्त्रच नव्हे, असं मी म्हणू शकलो असतो. ते खरंही होतं. पण मग मघाचं शून्यही शास्त्र नव्हतं, आणि बाकीच्या ओळींतले दोन आणि तीनही नव्हते, आणि मी आयुष्यभर जे फळ्यावर लिहिलं ते सगळं तिथवरच पोचत होतं. तिच्यासमोर खोटा आकडा सांगावा असंही एक क्षण वाटलं. लॅपटॉप तिच्याकडे नव्हता, तिला ते कळलं नसतं.

"अजूनही तीच," मी म्हणालो.

"काय तीच?"

"अंकुरला धरलं तरी. बाकीच्यांपेक्षा तीच संस्था कमी धोक्याची निघते."

आरती म्हणाली, "बरं." आणि जुडी उचलून पुन्हा निवडायला घेतली. तिचा अंगठा एकेक काडी खुडत होता, त्या खुडण्याचा बारीक आवाज येत होता. रागिणी खाली उतरून तिच्याजवळ जाऊन बसली, पण हात लावायचं तिला धैर्य झालं नाही. "आई, मी दुसरीकडे जाते," ती म्हणाली. "दुसरीकडे धोका जास्त हाय म्हनतेत ना हे आकडे," आरती म्हणाली. "मंग नाई जात." "तसं नको. तसं नको करू बाई. माह्या पायी आनखीन कोनाचं काई थांबवू नका."

दादांनी खिडकीवरून नजर काढली. आमच्या तिघांच्या चेहऱ्यांवरून त्यांना काय दिसलं कोण जाणे. "काय झालं?" ते मोठ्याने म्हणाले. "पोरगी कुठी चालली का?"

मी उठलो. त्यांच्या चालत्या कानाजवळ वाकलो. त्यांच्या अंगाला चंदनाच्या साबणाचा आणि म्हातारपणाचा वास येत होता. "विमान शिकायला चालली दादा," मी म्हणालो. हा शब्द त्यांच्या कानात मी कित्येक वर्षांनी घातला होता. त्यांनी मान हलवली, कळल्याची. "कुठी?" मी आरतीकडे बघितलं. तिचे हात थांबले होते, पण तिने नको म्हटलं नाही. मी गावाचं नाव सांगितलं.

दादांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. त्यांच्या गळ्याजवळची शीर उडत होती. मग त्यांनी माझं मनगट धरलं, जुन्या माणसाची ती अजून रानातली पकड, आणि डोळे न उघडता म्हणाले,

"मी जाऊन पाह्यलं होतं तिथं, बापू. पट्टीच्या शेवटाले नाली हाय. गवत वाढलं की दिसत नाई. तिले सांगून ठेव."

रागिणीने वर बघितलं. "कोणत्या बाजूले, आजोबा?" तिने विचारलं, आणि त्यांना ऐकू गेलं नाही म्हणून उठून, माझ्या जागी येऊन, त्यांच्या कानाशी वाकून पुन्हा विचारलं.